इंटरनेटवरचा वाद कोणत्या न्यायालयात चालतो? नव्याने शिकणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

इंटरनेटवरील वादाचे कागद पहिल्यांदाच हाताळणारा माणूस बहुधा आधी सर्व्हर शोधू लागतो. मजकूर ज्या यंत्रावर साठवला आहे ते यंत्र ज्या देशात, त्या देशाचे न्यायालय, असा सरळ हिशेब त्याच्या मनात असतो. न्यायालयांनी हा हिशेब फार पूर्वीच बाजूला ठेवला आहे. सर्व्हर कुठे ठेवायचा हे एकटा प्रतिवादी ठरवतो, तो रातोरात हलवता येतो, एकाच पानाच्या प्रती अनेक देशांत विखुरलेल्या असू शकतात, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला त्या जागेचा मागमूसही नसतो. म्हणून न्यायालये यंत्रांपेक्षा माणसांकडे पाहतात: प्रतिवादीने जे केले त्याचा इथल्या लोकांशी, इथल्या बाजाराशी, इथल्या माणसाच्या नावलौकिकाशी कोणत्या प्रकारचा संबंध आहे, हा प्रश्न निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. त्या प्रश्नापर्यंत कसे पोहोचावे, वाटेत कोणते कागद जमवावेत आणि कुठे फसगत होते, ते पुढे क्रमाने मांडले आहे. हा कोणत्याही एका देशाच्या कायद्याचा गोषवारा नाही. प्रत्यक्ष प्रकरणात त्या त्या देशाचा प्रक्रिया कायदा उघडून पाहावाच लागतो. लेख दिवाणी वादांपुरता मर्यादित आहे, कारण फौजदारी अधिकारक्षेत्राचे नियम वेगळ्या पायावर उभे असतात.

पहिला टप्पा: तीन प्रश्न सुटे करा

दावा कोणते न्यायालय ऐकेल, ऐकताना कोणत्या देशाचा कायदा लावेल, आणि निकाल लागल्यावर तो कुठे वसूल करता येईल, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला अधिकारक्षेत्राचा, दुसरा लागू कायद्याचा आणि तिसरा मान्यता व अंमलबजावणीचा. एका देशाचे न्यायालय दुसऱ्या देशाचा कायदा लावून निकाल देऊ शकते, आणि तो निकाल तिसऱ्या देशात निरुपयोगी ठरू शकतो. ‘या करारास अमुक देशाचा कायदा लागू राहील’ असे वाक्य सापडले की अनेकजण अधिकारक्षेत्राचा प्रश्न मिटला असे समजतात. प्रत्यक्षात त्या वाक्याने न्यायालयाबद्दल काहीच सांगितलेले नसते. टिपणवहीत तीन रकाने आखून प्रत्येक मुद्दा योग्य रकान्यात लिहिण्याची सवय सुरुवातीला बालिश वाटते, पण पुढचे पुष्कळ गोंधळ तिने टळतात.

दुसरा टप्पा: प्रतिवादी कोण आणि तो कुठला, हे आधी ठरवा

जवळजवळ सर्व व्यवस्थांमध्ये एक दरवाजा कायम उघडा असतो, तो म्हणजे प्रतिवादीच्या स्वतःच्या ठिकाणचे न्यायालय. युरोपीय संघाच्या ब्रुसेल्स नियमावलीत (सदस्य देशांतील न्यायालयांच्या अधिकारक्षेत्राचे नियम) ज्याचा अधिवास, म्हणजे कायमचे वास्तव्य, ज्या सदस्य देशात, त्याच्यावर दावा त्या देशात, हाच मूळ नियम आहे आणि बाकीची कलमे त्याला अपवाद किंवा पर्याय म्हणून येतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डाइम्लर विरुद्ध बाऊमन या २०१४ च्या निकालात सांगितले की कंपनीवर कोणत्याही कारणासाठी दावा लावता येईल असे राज्य म्हणजे साधारणपणे जिथे तिची नोंदणी आहे आणि जिथे तिचे मुख्य कार्यालय आहे ते. केवळ सगळीकडे व्यवसाय चालतो म्हणून ती सगळीकडची रहिवासी ठरत नाही.

इंटरनेटवर मात्र ‘प्रतिवादी कोण’ हेच आधी नक्की करावे लागते. मजकूर लिहिणारा, तो जिथे दिसतो ते व्यासपीठ, शोधयंत्र, डोमेन नोंदवून देणारी संस्था आणि वस्तू विकणारा त्रयस्थ विक्रेता हे सारे वेगवेगळ्या देशांतले असू शकतात आणि प्रत्येकाबाबत उत्तर वेगळे येऊ शकते. मोठी व्यासपीठे वेगवेगळ्या प्रदेशांतील वापरकर्त्यांशी वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत करार करतात, म्हणून बोधचिन्हावर विसंबू नये. सेवाशर्तींच्या अखेरीस करार करणाऱ्या कंपनीचे जे पूर्ण नाव छापलेले असते ते उतरवून घ्यावे. लेखक निनावी असेल तर त्याची ओळख उघड करण्याचा हुकूम आधी मागावा लागतो. इंग्लंडमध्ये नॉर्विच फार्माकल या १९७३ च्या प्रकरणातून आलेला असा हुकूम प्रसिद्ध आहे: चूक स्वतः न करताही जो त्या चुकीत नकळत गुंतला गेला आहे, त्याने चूक करणाऱ्याचे नाव सांगावे, असे त्यात अपेक्षित असते. हा अर्ज बहुधा ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्या देशात करावा लागतो, म्हणजे मुख्य दाव्याच्या आधीच अधिकारक्षेत्राचा एक छोटा प्रश्न सोडवावा लागतो.

याच टप्प्यावर पुरावा जतन करावा. पान, त्याचा पूर्ण पत्ता, तारीख, वेळ आणि ते कोणत्या देशातून पाहिले याची नोंद नसेल, तर पुढच्या टप्प्यांतले निम्मे युक्तिवाद हवेत राहतात. मजकूर नोटीस मिळताच बदलतो किंवा नाहीसा होतो, म्हणून हे काम नोटीस पाठवण्याआधी पूर्ण झालेले असावे.

तिसरा टप्पा: पक्षांनी न्यायालय आधीच निवडले आहे का?

दोन्ही पक्षांत करार असेल तर त्यातील न्यायालय निवडीचे कलम शोधावे. अनेक प्रकरणांत शोध इथेच संपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट या प्रकरणात जहाजाच्या तिकिटावर छापलेले, प्रवाशांनी ज्यावर कसलीही बोलणी केली नव्हती असे कलमसुद्धा बंधनकारक धरले. पुढे ‘मी सहमत आहे’ या बटणामागच्या सेवाशर्तींना हाच तर्क लावला गेला.

कलम सापडल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली अशी की मान्यता खरोखर दिली गेली का. स्पेक्ट विरुद्ध नेटस्केप या २००२ च्या प्रकरणात सॉफ्टवेअर उतरवून घेण्याचे बटण वर होते आणि शर्तींचा उल्लेख पडदा खाली सरकवल्याशिवाय दिसत नव्हता. वाद तिथे लवादाच्या कलमाचा होता, पण न्यायालयाने जो निकष लावला तो कोणत्याही कलमाला लागू पडतो. समंजस माणसाच्या नजरेला शर्ती पडल्या असत्या का, आणि त्याने स्पष्ट होकार दिला का, हे त्यात पाहिले गेले आणि वापरकर्ते बांधले गेले नाहीत. दुसरी गोष्ट शब्दांची. ‘केवळ अमुक न्यायालयासच अधिकार राहील’ आणि ‘अमुक न्यायालयास अधिकार राहील’ या दोन वाक्यांत ‘केवळ’ या एका शब्दाचे अंतर आहे, आणि त्या शब्दाअभावी इतर न्यायालयांची दारे बंद होत नाहीत असा अर्थ बऱ्याचदा लावला जातो.

समोरचा माणूस ग्राहक असेल तर चित्र पालटते. ब्रुसेल्स नियमावलीनुसार व्यापाऱ्याने आपला व्यवसाय ग्राहकाच्या देशाकडे वळवलेला असेल, तर ग्राहक आपल्या देशात दावा लावू शकतो, त्याच्यावर दावा मात्र त्याच्या देशातच लावावा लागतो, आणि वाद उद्भवण्यापूर्वी छापलेल्या कलमाने हे संरक्षण काढून घेता येत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डुएझ विरुद्ध फेसबुक या २०१७ च्या निकालात चार विरुद्ध तीन अशा बहुमताने कॅलिफोर्नियाचे न्यायालय निवडणारे कलम लागू करण्यास नकार दिला. बोलणीची ताकद विषम आहे आणि प्रश्न खासगीपणाच्या हक्काचा आहे, हे त्यामागचे प्रमुख विचार होते. ज्या देशांत हे प्रश्न न्यायाधीशाच्या तारतम्यावर सोडले आहेत तिथे कलमावर डोळे झाकून विसंबू नये, आणि ते सरसकट बेकायदा आहे असेही समजू नये.

चौथा टप्पा: नुसते दिसणे आणि नेम धरणे यांतला फरक तपासा

करार नाही, प्रतिवादी दूरचा आहे, आणि वादीला दावा आपल्या ठिकाणी लावायचा आहे, ही या विषयातली नेहमीची अवघड स्थिती. या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

सुरुवातीला न्यायालये गोंधळली होती हे मान्य करायला हवे. १९९६ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यायालयाने इन्सेट सिस्टिम्स प्रकरणात शेजारच्या राज्यातील कंपनीची जाहिरात करणारी वेबसाइट आणि निःशुल्क दूरध्वनी क्रमांक एवढ्यावर अधिकार मानला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बेन्सुसान प्रकरण आले. न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लू नोट’ नावाचा प्रसिद्ध जॅझ क्लब आहे आणि मिसूरी राज्यातील कोलंबिया या गावी त्याच नावाचा एक छोटा क्लब होता. मिसूरीच्या क्लबने आपल्या कार्यक्रमांची माहिती वेबसाइटवर ठेवली, म्हणून न्यूयॉर्कमध्ये दावा झाला. न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला: माहिती जगभर दिसते म्हणून ती न्यूयॉर्ककडे पाठवली असे होत नाही, आणि वस्तू बाजारात सोडून दिल्यावर ती कुठवर जाईल हे माहीत असणे म्हणजे त्या ठिकाणी व्यवसाय करणे नव्हे. १९९७ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल कायम केला. माझ्या मते नवख्याने पहिले प्रकरण हेच वाचावे, कारण तथ्ये साधी आहेत आणि मोह अगदी स्पष्ट दिसतो.

१९९७ मध्येच पेन्सिल्व्हेनियात झिप्पो प्रकरणाचा निकाल आला. लायटर बनवणारी झिप्पो कंपनी त्याच राज्यातली; तेच नाव डोमेनमध्ये वापरून वृत्तसेवा देणारी प्रतिवादी कंपनी कॅलिफोर्नियातली. तिचे पेन्सिल्व्हेनियात सुमारे ३,००० वर्गणीदार होते आणि तिथल्या सात इंटरनेट सेवादात्यांशी तिने करार केले होते. न्यायालयाने अधिकार मानला आणि सोबत एक सरकती पट्टी आखून दिली: एका टोकाला नुसती माहिती दाखवणारी निष्क्रिय वेबसाइट, जिच्यावरून अधिकार मिळत नाही, दुसऱ्या टोकाला त्या राज्यातील लोकांशी जाणूनबुजून वारंवार करार करणारी वेबसाइट, जिच्यावरून तो मिळतो, आणि मध्ये परस्परसंवादी वेबसाइट, जिथे देवाणघेवाण किती आणि ती किती व्यापारी स्वरूपाची हे पाहायचे. ही पट्टी अनेक वर्षे जगभर उद्धृत झाली. आज तिच्यावर फार भार टाकू नये असे मला वाटते. निष्क्रिय वेबसाइट आता शोधून सापडत नाही, आणि अत्यंत संवादी वेबसाइटचाही एखाद्या ठिकाणी एकही ग्राहक नसू शकतो. वेबसाइट काय करू शकते यापेक्षा तिने या ठिकाणी काय केले, हे जास्त महत्त्वाचे.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये बॅन्यन ट्री प्रकरणात हाच मुद्दा नेमका पकडला. वेबसाइट दिल्लीत उघडते किंवा ती संवादी आहे एवढे पुरेसे नाही. प्रतिवादीने दिल्लीतील ग्राहकांना उद्देशून व्यवहार करण्याचा हेतू ठेवला आणि त्यातून वादीला तिथे इजा पोहोचली, हे वादीने प्रथमदर्शनी दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. त्याच निकालात वादीने स्वतःच घडवून आणलेल्या खरेदीबद्दलही विवेचन आहे. अधिकारक्षेत्र मिळवण्यासाठी आपल्याच माणसाकरवी एखादी वस्तू मागवायची आणि ‘पाहा, इथे विक्री होते’ असे सांगायचे, ही युक्ती वकिलांना फार आवडते. खंडपीठाने असा एकटादुकटा, सापळा म्हणून रचलेला व्यवहार पुरेसा मानला नाही. चाचणी खरेदी करू नये असे नाही, पण सामान्य ग्राहकांच्या खऱ्या व्यवहारांचा पुरावा तिच्यासोबत हवा.

नेम कसा सिद्ध करायचा, याची सर्वांत उपयुक्त यादी युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये पामर आणि हॉटेल आल्पेनहोफ या जोड प्रकरणांत दिली. दुसऱ्या प्रकरणातील हॉटेल ऑस्ट्रियातले, पाहुणा जर्मनीतला. त्याने वेबसाइट पाहून ई-मेलने खोल्या ठरवल्या आणि बिल न देता निघून गेला. हॉटेलने ऑस्ट्रियात दावा लावल्यावर तो म्हणाला की मी ग्राहक आहे, माझ्यावर दावा जर्मनीतच लावा. म्हणजे प्रश्न असा होता की हॉटेलने आपला व्यवसाय जर्मनीकडे वळवला होता का. न्यायालयाने सांगितले की वेबसाइट दिसणे किंवा तिच्यावर ई-मेलचा पत्ता असणे पुरेसे नाही. व्यवहाराचे आंतरराष्ट्रीय स्वरूप, अन्य देशांतून तिथे येण्याच्या मार्गांचे वर्णन, आपल्या देशात सहसा न वापरली जाणारी भाषा किंवा चलन निवडण्याची सोय, आंतरराष्ट्रीय संकेतांकासह दिलेला दूरध्वनी, परदेशी ग्राहकांना शोधयंत्रात वेबसाइट सापडावी म्हणून केलेला खर्च, स्वतःच्या देशापेक्षा वेगळ्या देशाचे डोमेन, आणि परदेशी ग्राहकांचे अभिप्राय, या खुणा एकत्र पाहाव्यात. यादी ग्राहकांच्या करारांसाठी असली तरी कोणत्याही देशात पुरावा जमवताना ती समोर ठेवायला हरकत नाही. तिच्यात मी आणखी तीन बाबी जोडेन: त्या देशात माल पोहोचवण्याची सोय, तिथल्या लोकांनाच दाखवलेल्या जाहिरातींची नोंद, आणि तो देश वगळण्याची सोय हाताशी असूनही न वापरणे.

शेवटच्या मुद्द्यावर सध्या जोरदार मतभेद आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांसाठीचे संघीय अपील न्यायालय) विस्तारित पीठाने ब्रिस्किन विरुद्ध शॉपिफाय या प्रकरणात ठरवले की कॅनडातील कंपनीने कॅलिफोर्नियातील ग्राहकाच्या उपकरणात माग काढणाऱ्या फाइल्स जाणतेपणी बसवल्याचा आरोप असेल, तर कंपनी देशभर सर्वांशी सारखेच वागते हे कारण पुढे करून तिला कॅलिफोर्नियातील दावा टाळता येणार नाही. वापरकर्ता कुठे आहे हे कंपनीला ठाऊक असते, ही बाब इथे निर्णायक ठरली. उपकरणांतून माहिती गोळा करण्याचे वाद हाताळणाऱ्यांनी हा निकाल जुन्या झिप्पो पट्टीच्या आधी वाचावा.

पाचवा टप्पा: नुकसान कुठे झाले ते पाहा

बदनामी, खासगीपणाचा भंग, ट्रेडमार्क किंवा कॉपीराइटचे उल्लंघन यांत प्रतिवादीचे वागणे एका ठिकाणी आणि परिणाम दुसऱ्या ठिकाणी असतो. अशा वेळी ‘नुकसान जिथे घडले तिथे दावा’ हा नियम मदतीला येतो, आणि इंटरनेटवर नुकसान सगळीकडे घडल्यासारखे दिसत असल्याने त्याला लगाम घालणे हेच न्यायालयांचे मुख्य काम होऊन बसते.

अमेरिकेत १९८४ चा कॅल्डर विरुद्ध जोन्स हा छापील नियतकालिकाचा निकाल अजूनही पायाभूत आहे. फ्लोरिडात लिहिलेला लेख कॅलिफोर्नियातील अभिनेत्रीबद्दल होता, माहितीची साधने कॅलिफोर्नियातली होती आणि नियतकालिकाचा सर्वाधिक खपही तिथेच होता, म्हणून लेखक-संपादकांना तिथे खेचता आले. उलट २००२ मध्ये यंग विरुद्ध न्यू हेवन ॲडव्होकेट या प्रकरणात कनेक्टिकटमधील वृत्तपत्रांनी आपल्या राज्यातील कैदी व्हर्जिनियाच्या तुरुंगात पाठवण्याच्या धोरणावर लिहिले होते. तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याने व्हर्जिनियात दावा लावला. लेख त्याच्याबद्दल होता, वेबसाइट तिथे दिसत होती, तरीही वाचक म्हणून वृत्तपत्रांच्या डोळ्यांसमोर कनेक्टिकटचेच लोक होते, म्हणून दावा टिकला नाही. २०१४ च्या वॉल्डेन विरुद्ध फिओरे या निकालाने हा विचार पक्का केला: प्रतिवादी आणि ते राज्य यांना जोडणारा एकमेव दुवा खुद्द वादीच असेल, तर तो पुरत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये डाऊ जोन्स विरुद्ध गटनिक प्रकरणात दुसरी वाट धरली. लेख न्यू जर्सीतील सर्व्हरवर चढवला होता. वादी मेलबर्नचा उद्योजक. बदनामी लेखकाने बटण दाबताना होत नाही, वाचकाने मजकूर उतरवून वाचला तिथे होते, म्हणून व्हिक्टोरिया राज्यात दावा लावता येतो, असे न्यायालयाने म्हटले. असे झाले तर प्रत्येक प्रकाशकाला जगातील प्रत्येक देशाचा कायदा पाहावा लागेल, हा प्रतिवादीचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला. ज्याची प्रतिष्ठा जिथे आहे तिथेच तिला धक्का बसू शकतो आणि ते ठिकाण कोणते हे प्रकाशकाला सहसा आधीच कळते. वादीनेही केवळ व्हिक्टोरियातील नुकसानापुरतीच मागणी केली होती. निकालाच्या सारांशांत ही गोष्ट गळून जाते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

युरोपीय न्यायालयाने मधला मार्ग काढला. ईडेट ॲडव्हर्टायझिंग या २०११ च्या निकालानुसार व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांवर इंटरनेटवरून घाला झाल्यास संपूर्ण नुकसानभरपाई प्रकाशकाच्या देशात किंवा बाधित व्यक्तीच्या हितसंबंधांचे केंद्र ज्या देशात आहे तिथे मागता येते. बाकीच्या प्रत्येक देशात फक्त त्या देशात झालेल्या नुकसानापुरती. मग मजकूर काढून टाकण्याचा हुकूमही तुकड्यातुकड्याने मागायचा का? २०१७ मध्ये एका एस्टोनियन कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने उत्तर दिले की नाही, कारण मजकूर एकसंध असतो. तो काढण्याची किंवा दुरुस्त करण्याची मागणी संपूर्ण नुकसानाचा अधिकार असलेल्या न्यायालयातच करावी. कंपनीचे केंद्र ठरवताना नोंदणीपेक्षा मुख्य आर्थिक उलाढाल जिथे चालते ते ठिकाण पाहायचे, हेही त्यात आले.

बौद्धिक संपदेत हक्काचा प्रकार महत्त्वाचा. ट्रेडमार्क नोंदणीने मिळतो, म्हणून विंटरश्टायगर या २०१२ च्या निकालात नोंदणीचा देश किंवा जाहिरातदाराचा देश असे पर्याय ठेवले गेले. कॉपीराइटला नोंदणीची अट नसल्याने पिंकनी या २०१३ च्या निकालात मजकूर किंवा वस्तू त्या देशात उपलब्ध होणे पुरेसे मानले, पण भरपाई त्या देशापुरतीच.

सहावा टप्पा: अधिकार असूनही न्यायालय दार लावून घेईल का?

कॉमन लॉ परंपरेतील (इंग्लंडमधून आलेली, आधीच्या निकालांवर उभी असलेली पद्धत) न्यायालये अधिकार सिद्ध झाल्यावरही ‘हा वाद अन्य ठिकाणी अधिक योग्य रीतीने चालेल’ असे म्हणून तो थांबवू शकतात. इंग्लंडमधील १९८६ चा स्पिलियाडा निकाल यासाठी सर्वत्र वाचला जातो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हारेट्झ विरुद्ध गोल्डहार प्रकरणात याचा ठळक वापर केला. इस्रायलच्या वृत्तपत्रातील लेख कॅनडात २०० ते ३०० लोकांनी वाचला होता, इस्रायलमध्ये सुमारे ७०,००० लोकांनी. साक्षीदारही बहुतेक तिकडचे. अधिकार असला तरी इस्रायल स्पष्टपणे अधिक योग्य, असे बहुमताने ठरले. म्हणून वाचकसंख्येचे देशनिहाय आकडे, साक्षीदारांची यादी आणि त्यांची भाषा ही माहिती दोन्ही बाजूंनी आधीच तयार ठेवावी.

युरोपीय संघात मात्र असे तारतम्य जवळपास नाही. २००५ च्या ओवुसू विरुद्ध जॅक्सन या निकालाने स्पष्ट केले की अधिवासावरून नियमावलीने अधिकार दिला असेल तर अन्यत्र अधिक सोयीचे आहे म्हणून न्यायालयाला हात झटकता येत नाहीत.

सातवा टप्पा: हुकूम कुठवर पोहोचेल ते दावा लावण्याआधीच तपासा

हा टप्पा लोक शेवटी पाहतात. तो खरे तर सुरुवातीलाच पाहायला हवा. नोव्हेंबर २००० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने याहूला आदेश दिला की नाझी वस्तूंचे लिलाव फ्रान्समधील वापरकर्त्यांना दिसू देऊ नयेत, आणि तीन महिन्यांनंतर पालन न झाल्यास दररोज १ लाख फ्रँक दंड भरावा. देश ओळखणे अशक्य आहे हा बचाव तज्ज्ञांच्या अहवालापुढे टिकला नाही: सुमारे ७० टक्के फ्रेंच वापरकर्ते आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखता येतात असे त्यांनी सांगितले होते, आणि फ्रान्समधील पाहुण्यांना फ्रेंच जाहिराती दाखवल्या जात होत्या हेही न्यायालयाच्या नजरेत भरले. याहूने अमेरिकेत जाऊन २००१ मध्ये हा आदेश अभिव्यक्तिस्वातंत्र्यामुळे तिथे अंमलात येऊ शकत नाही असा निकाल मिळवला. २००६ मध्ये अपील न्यायालयाने विभागलेल्या मतांनी ती दाद रद्द केली. दरम्यान कंपनीने असे लिलाव स्वतःच्या धोरणाने बंद केले होते.

पुढचा संघर्ष आदेशाच्या भौगोलिक विस्ताराचा. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१७ मध्ये गुगल विरुद्ध इक्वुस्टेक प्रकरणात, जो विक्रेता आदेश मोडून प्रांताबाहेर निघून गेला होता त्याची पाने गुगलने जगभरच्या शोधातून वगळावीत असा हुकूम कायम केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील न्यायालयाने तो अमेरिकेत लागू होण्यापासून रोखला. २०१९ मध्ये एका महिन्याच्या आत तीन निकाल आले आणि तिन्हींचा सूर वेगळा. २४ सप्टेंबरला युरोपीय न्यायालयाने म्हटले की ‘विसरले जाण्याच्या हक्का’खाली (आपल्याविषयीचे दुवे शोधातून काढून घेण्याचा हक्क) शोधयंत्राने जगातील सर्व आवृत्त्यांतून दुवे वगळावेत असे संघाचा कायदा सांगत नाही. ३ ऑक्टोबरला त्याच न्यायालयाने म्हटले की बदनामीकारक मजकूर जगभर हटवण्याचा आदेश देण्यास संघाचा कायदा राष्ट्रीय न्यायालयांना आडवा येत नाही. २३ ऑक्टोबरला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने भारतातून चढवलेला मजकूर जगभर हटवावा आणि बाहेरून चढवलेला भारतात दिसेनासा करावा, अशी विभागणी केली. मजकूर कुठून चढवला गेला यावरची ही विभागणी व्यवहारात पाळायला सोपी आहे, परंतु चढवणारा आपले स्थान सहज लपवू शकतो, ही तिची कमकुवत बाजू मला दिसते.

पैशाच्या हुकूमनाम्याबाबत प्रतिवादीची मालमत्ता कुठे आहे ते पाहावे आणि त्या देशात परकीय निकालांना मान्यता कशी मिळते ते वाचावे. अमेरिकेने २०१० मध्ये स्पीच ॲक्ट करून, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे अमेरिकी दर्जाचे संरक्षण न देणाऱ्या परकीय बदनामी निकालांची अंमलबजावणी नाकारली आहे. अशा देशातल्या प्रतिवादीविरुद्ध घरच्या न्यायालयात मोठा निकाल मिळवण्यात वर्षे घालवण्यापूर्वी विचार करावा.

डोमेनचा वाद असेल तर जवळची वाट

नाव बळकावण्याच्या तक्रारींसाठी आयकॅनने (इंटरनेटवरील डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी संस्था) १९९९ मध्ये स्वीकारलेली समान विवाद निवारण पद्धत आहे. नाव आपल्या चिन्हाशी गोंधळ होण्याइतके सारखे आहे, धारकाला त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते दुष्ट हेतूने नोंदवले व वापरले गेले, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. मिळते ते नाव रद्द होणे किंवा हस्तांतरण, भरपाई नाही. तक्रारदाराने इथे एक गोष्ट विसरू नये: तक्रार करतानाच त्याला नोंदणी संस्थेच्या मुख्य कार्यालयाच्या किंवा धारकाच्या नोंदलेल्या पत्त्याच्या ठिकाणचे न्यायालय मान्य करावे लागते, आणि हरलेला धारक मुदतीत तिथे दावा लावून निर्णय अडवू शकतो.

प्रतिवादीच्या बाजूने उभे राहताना

दूरच्या न्यायालयाची नोटीस आली की तिच्याकडे दुर्लक्ष करायचे की हजर व्हायचे, हा निर्णय सातव्या टप्प्यावर अवलंबून असतो. त्या देशात मालमत्ता, बँक खाते, जाहिरातींचे येणे किंवा जाण्यायेण्याचे कारण असेल तर एकतर्फी निकाल महागात पडतो. यातले काहीच नसेल आणि आपल्या देशात त्या निकालाला मान्यता मिळणार नसेल, तर गैरहजर राहणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. समन्स कसे पोहोचले हेही पाहावे, कारण १९६५ च्या हेग बजावणी करारातील देशांमध्ये ठरलेल्या मार्गाने बजावणी झाली नसेल तर तो स्वतंत्र आक्षेप होतो. हजर व्हायचे ठरले तर अधिकारक्षेत्राची हरकत पहिल्याच लेखी उत्तरात, बाकीच्या म्हणण्याच्या आधी आणि स्पष्ट शब्दांत नोंदवावी. अनेक व्यवस्थांमध्ये प्रतिवादीने दाव्याच्या गुणदोषांवर उत्तर दिले की त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला असे धरले जाते, आणि मग वेबसाइट कुणासाठी होती, वाचक किती होते, नेम कुठे होता, यातले काहीही ऐकायला न्यायालय बांधील राहत नाही.